कार्डामागच्या काळ्या पट्टीला आता निरोप द्यायला हवा

लातूरच्या ट्यूशन एरियात जून-जुलैमध्ये एक दृश्य हमखास दिसतं. गावाकडून आलेले वडील आणि सोबत अकरावीला किंवा नीटच्या तयारीला आलेला मुलगा किंवा मुलगी. खोली ठरते, मेस लागते, क्लासची फी भरली जाते. निघताना वडील खिशातून एटीएम कार्ड काढून लेकराच्या हातात देतात. पिन तोंडी सांगितला जातो, नाहीतर वहीच्या मागच्या पानावर लिहून दिला जातो. नांदेडच्या श्रीनगर-भाग्यनगर भागातही हेच चित्र. सोयाबीनचे पैसे, पीकविम्याची रक्कम, अनुदान, सगळं ज्या एकाच खात्यात जमा होतं, त्याच खात्याचं हे कार्ड असतं.

‘कार्ड हरवू नको’ एवढंच वडील बजावतात. पण कार्ड न हरवताही त्यातली माहिती चोरीला जाऊ शकते, आणि त्याला कारण आहे कार्डाच्या मागची काळी पट्टी. ही पट्टी साठ वर्षांपूर्वीच्या तंत्रावर चालते. भारतात तिचं काम जवळपास संपलं आहे. तरीही बँकेकडून येणाऱ्या नव्या कार्डावर ती असतेच. ती नको असेल तर ‘नको’ म्हणण्याची सोय ग्राहकाला मिळायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. का, ते समजून घ्यायचं तर आधी त्या पट्टीत काय दडलंय ते पाहू.

पट्टीत असतं तरी काय?

कॅसेटचा जमाना आठवणाऱ्यांना हे लगेच कळेल. कॅसेटमधली तपकिरी फीत आणि कार्डावरची काळी पट्टी या सख्ख्या बहिणी. दोन्हींवर चुंबकीय पदार्थाच्या अतिशय बारीक कणांचा थर असतो. हे कण म्हणजे जणू छोटे छोटे चुंबक. त्यांची उत्तर-दक्षिण दिशा बदलता येते आणि एकदा बदलली की ती तशीच टिकून राहते. पट्टीवर लिहिणं म्हणजे या कणांच्या दिशा ठरावीक अंतरावर उलटसुलट करणं.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएम कंपनीतले अभियंते फॉरेस्ट पॅरी यांना ही फीत प्लॅस्टिकच्या ओळखपत्रावर बसवायची होती. डिंकाने ती नीट बसेना, वाकडी व्हायची. घरी हे सांगितलं तेव्हा त्यांच्या पत्नी कपड्यांना इस्त्री करत होत्या. त्यांनी इस्त्रीनेच पट्टी चिकटवून पाहू असं सुचवलं आणि ती चिकटली. आज जगभरात वापरल्या जाणाऱ्या पट्टीचा उगम असा घरातल्या इस्त्रीपाशी जातो.

पट्टीवर तीन समांतर रांगा असतात. प्रत्येकीची रुंदी तीन मिलिमीटरपेक्षाही थोडी कमी. पहिल्या रांगेत जास्तीत जास्त ७९ अक्षरं-अंक मावतात. कार्डधारकाचं नाव इथे असतं. दुसऱ्या रांगेत फक्त ४० अंक-चिन्हं. बँकेचा बहुतेक व्यवहार याच दुसऱ्या रांगेवर चालतो. तिसरीत १०७ अंक मावतात, पण बँकांच्या कार्डांत ती सहसा वापरली जात नाही.

पहिल्या दोन रांगा काठोकाठ भरल्या तरी होतात ७५३ बिट, म्हणजे सुमारे ९४ बाइट. मोबाइलमध्ये मराठी टाइप करताना एका अक्षरचिन्हाला साधारण ३ बाइट लागतात. म्हणजे या दोन रांगांत मराठीची जेमतेम ३१ अक्षरचिन्हं बसतील. सकाळी ग्रुपवर येणारा ‘शुभ सकाळ’चा शंभर केबीचा फोटो याच्या हजारपट मोठा असतो. आणि एवढ्याशा जागेतल्या माहितीवर घरभराच्या पैशांचं दार उघडतं.

टाळ वाजतो तसं

आता प्रश्न असा की, कण फक्त इकडे किंवा तिकडे तोंड करू शकतात, तर त्यातून आकडे कसे वाचायचे? शिवाय कार्ड कुणी जोरात ओढतं, कुणी हळू. यंत्राला वेग कसा कळतो?

भजनातला टाळ डोळ्यांसमोर आणा. ठरलेल्या प्रत्येक ठेक्याला टाळ वाजतोच. दोन ठेक्यांच्या मधे आणखी एकदा टाळ वाजला, तर तो ‘१’ समजायचा. मधे काही वाजलं नाही, तर ‘०’. बस, एवढंच. पट्टीवर प्रत्येक बिटच्या सीमेवर चुंबकीय दिशा एकदा उलटते. ‘१’ असेल तर मध्यावर आणखी एकदा उलटते. भजनाची लय वाढली तरी ठेका कळतोच, तसं कार्ड कितीही वेगाने सरकलं तरी यंत्राला ठेका सापडतो. पट्टीच्या सुरुवातीला नुसती शून्यं लिहिलेली असतात. त्यावरून यंत्र लय पकडतं आणि मग वाचायला लागतं.

यंत्राचं डोकं, म्हणजे रीड हेड, दिशा वाचत नाही. ते दिशेतला बदल पकडतं. चुंबकीय क्षेत्र बदललं की तारेच्या वेटोळ्यात वीज निर्माण होते, हा फॅरेडेचा नियम आपण शाळेत शिकलो. म्हणूनच कार्ड स्थिर ठेवून पट्टी वाचता येत नाही. ते सरकावंच लागतं. पूर्वी अनेक एटीएममध्ये कार्ड घालून लगेच बाहेर काढायचो, आठवतं? ती पट्टी वाचण्याची हालचाल होती. आता बहुतेक ठिकाणी व्यवहार संपेपर्यंत कार्ड आतच राहतं. कारण आता यंत्र चिपशी बोलत असतं, आणि तिला वीजपुरवठा लागतो.

इंजिनिअरिंगला असताना आम्ही मुदत संपलेल्या एका कार्डाच्या पट्टीवर लोखंडाची अगदी बारीक भुकटी टाकून पाहिली होती. हलकेच झटकल्यावर पट्टीवर उभ्या रेघांची रांग उमटली, बारकोडसारखी. तेव्हा गंमत वाटली. आज वाटतं, जी गोष्ट चार पोरांना भुकटीने दिसू शकते, ती गुप्त कशी म्हणायची?

पैसे नसतात, पिनही नसतो

दुसऱ्या रांगेतला मजकूर असा असतो: सुरुवातीची खूण, कार्ड क्रमांक, विभागणारं चिन्ह, मुदत (आधी वर्ष, मग महिना, म्हणजे जुलै २०२९ असेल तर २९०७), मग तीन आकडी सेवा संकेतांक, मग बँकेने ठेवलेले पडताळणीचे अंक, शेवटची खूण आणि चूक पकडणारा एक तपासणी अंक.

आपल्याकडे याबद्दल बरेच गैरसमज आहेत. पट्टीत शिल्लक रक्कम नसते. ती बँकेच्या सर्व्हरवर असते. पिनही पट्टीत सरळ लिहिलेला नसतो. कार्डाच्या मागे छापलेला तीन आकडी सीव्हीव्ही आणि पट्टीतला पडताळणी अंक हेही वेगवेगळे असतात. त्यामुळे कार्डाचा दोन्ही बाजूंनी नुसता फोटो काढून हुबेहूब पट्टी तयार करता येत नाही. अर्थात, तो फोटो ऑनलाइन खरेदीसाठी वापरला जाऊ शकतो, म्हणून कुणालाही पाठवू नकाच.

सेवा संकेतांकातला पहिला आकडा महत्त्वाचा. तो २ किंवा ६ असेल तर ‘या कार्डाला चिप आहे’ असा त्याचा अर्थ. पट्टी ओढली की यंत्र हा आकडा पाहतं आणि ‘चिप घाला’ असं सांगतं. चोराने तो आकडा बदलला तर? पडताळणी अंक काढताना कार्ड क्रमांक, मुदत आणि हा संकेतांक तिन्ही वापरलेले असतात. त्यामुळे एक आकडा बदलला की हिशेब जुळत नाही. मात्र त्यासाठी बँकेने प्रत्येक वेळी तो हिशेब तपासायला हवा. सगळं इथे येऊन थांबतं.

मोंढ्यातली पट्टी आणि दुकानातला मुनीम

चिप आणि काळ्या पट्टीतला फरक मोंढ्यातल्या माणसाला पटकन कळेल. सोयाबीन विकलं की आडत्या हातात हिशेबाची पट्टी देतो. त्या कागदावर जे लिहिलंय ते लिहिलंय. कुणी झेरॉक्स काढली तर झेरॉक्सवरही तेच आकडे येणार. कार्डाची काळी पट्टी अगदी तशीच. काल जे सांगितलं, तेच आज, तेच पुढच्या वर्षी. ती विचार करत नाही.

चिप मात्र कागद नाही, ती मुनीम आहे. एटीएम तिला दर वेळी नवा प्रश्न विचारतं. ती आपल्याजवळच्या गुप्त किल्लीने त्याचं उत्तर काढून देते. किल्ली कधीच बाहेर येत नाही, बाहेर येतं ते फक्त उत्तर, आणि ते त्या एका व्यवहारापुरतंच चालतं. कुणी ते चोरून ऐकलं तरी पुढच्या व्यवहारात त्याचा उपयोग नाही.

एटीएमच्या खाचेवर बसवलेलं खोटं झाकण, म्हणजे स्किमर, याच फरकावर जगतो. तुमचं कार्ड त्यातून जाताना पट्टी वाचली जाते, वर चिकटवलेला छोटा कॅमेरा पिन टिपतो. तुमचा व्यवहार नेहमीसारखा पार पडतो. कार्ड पाकिटात परत जातं. त्याची जुळी प्रत मात्र कोऱ्या प्लॅस्टिकवर दुसरीकडे तयार होते.

२०१६ आणि २०१८ चे धडे

ही भीती कल्पनेतली नाही. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये देशातल्या सुमारे ३२ लाख डेबिट कार्डांची माहिती धोक्यात आल्याचं उघड झालं. एटीएम व्यवहार हाताळणाऱ्या यंत्रणेत घातक सॉफ्टवेअर शिरलं होतं. एकट्या स्टेट बँकेने सुमारे ६ लाख कार्डं बंद करून नवी दिली. १९ बँकांच्या ६४१ ग्राहकांचे मिळून १ कोटी ३० लाख रुपये गेल्याचं राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने सांगितलं.

त्याहून मोठा धक्का आपल्याच राज्यात बसला. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या एटीएम यंत्रणेत शिरलेल्या चोरांनी बँकेच्या जागी स्वतःच ‘हो, पैसे द्या’ असं उत्तर देणारी बनावट यंत्रणा उभी केली. मग बनावट कार्डं घेऊन २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी आणि भारतातून अडीच कोटी रुपये काही तासांत काढले गेले. १३ ऑगस्टला आणखी १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगमधल्या खात्यात वळवले गेले. एकूण आकडा ९४ कोटींच्या पुढे गेला. भारतातले पैसे काढणारे लोक कोल्हापूरच्या एटीएमपर्यंत पोहोचले होते. पुढे अटक झालेल्यांत मराठवाड्यातलेही तरुण होते. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवलं.

सगळा दोष पट्टीचा होता असं मी म्हणणार नाही. बँकेचा दरवानच बदलला गेला होता. पण त्या दरवानासमोर उभं राहायला शेकडो बनावट कार्डं लागली, आणि अशी कार्डं घाऊक तयार करता येतात ती पट्टीमुळे. चिपची अशी झेरॉक्स निघत नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. २०२१ च्या जानेवारीत नांदेडच्या शंकर नागरी सहकारी बँकेच्या खात्यातून १४ कोटींहून अधिक रक्कम परस्पर वळवली गेली. तिथे कार्डाचा संबंधच नव्हता. म्हणजे पट्टी गेली की चोऱ्या थांबतील असं नाही. पण घराला चार दारं असतील आणि त्यातलं एक आपण वापरतच नसू, तर ते उघडं कशाला ठेवायचं?

मग ती अजून का आहे?

रिझर्व्ह बँकेने नुसती पट्टी असलेली कार्डं बदलून चिपची कार्डं देण्यासाठी ३१ डिसेंबर २०१८ ही मुदत दिली होती. जनधन योजनेत सुरुवातीला वाटलेली अनेक रुपे कार्डंही नुसत्या पट्टीची होती. ती बदलली गेली. चिप आली, पण पट्टी गेली नाही. नव्या कार्डावर पुढे चिप, मागे पट्टी, असा जोडसंसार सुरू आहे.

याची कारणं अगदीच खोटी नाहीत. परदेशात काही ठिकाणी अजून पट्टीवर चालणारी यंत्रं आहेत. चिपचे सोनेरी टोक घासलं, मळलं तर अडीअडचणीला पट्टी उपयोगी पडू शकते. जुनी यंत्रं बदलायला खर्च येतो. ग्रामीण भागात एखादंच एटीएम असतं आणि तेच बिघडलं तर वयस्कर माणसाने काय करायचं, हा प्रश्नही खरा आहे.

पण आता परिस्थिती बदलली आहे. २०२२ पासून यूपीआय वापरून कोणत्याही बँकेच्या एटीएममधून विनाकार्ड पैसे काढण्याची सोय सुरू झाली. गावात बँक मित्राकडे अंगठा लावून पैसे मिळतात. कार्ड कंपन्यांनाही पट्टी जड वाटू लागली आहे. मास्टरकार्डने २०२१ मध्येच जाहीर केलं की २०२९ पासून त्यांच्या नव्या क्रेडिट-डेबिट कार्डांवर पट्टी नसेल आणि २०३३ पर्यंत ती पूर्ण हद्दपार होईल. म्हणजे पट्टी जाणार हे नक्की आहे. प्रश्न एवढाच की, लातूर-नांदेडच्या ग्राहकाने तोवर वाट का पाहायची? उदगीर, देगलूर, निलंगा, हदगावच्या किती खातेदारांना पट्टीवर चालणाऱ्या परदेशी यंत्राशी गाठ पडते?

मागणी साधी आहे

२०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने एक चांगला नियम केला. नवं कार्ड सुरुवातीला फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानातल्या यंत्रावरच चालेल, आणि देशात-परदेशात, एटीएम, दुकान, ऑनलाइन, टॅप अशा प्रत्येक व्यवहारासाठी ग्राहकाला चालू-बंद करण्याची सोय द्यावी, असं बँकांना सांगितलं. त्या यादीत पट्टीचं वेगळं बटण नाही. ते असायला हवं. आणि ते सुरुवातीपासून ‘बंद’ असावं. ज्याला परदेशात जायचंय, तो चालू करेल.

दुसरं, कार्ड मागतानाच ‘पट्टीविना’ असा पर्याय अर्जात असावा. तिसरं, पट्टीवरून झालेला कोणताही व्यवहार बँकेने संशयास्पद समजून ग्राहकाला लगेच मराठीत कळवावं. ‘डेबिटेड’, ‘फॉलबॅक’ असले शब्द आमच्या आजोबांना कळत नाहीत. ‘तुमच्या कार्डावरून अमुक ठिकाणी पैसे काढले, तुम्ही नसाल तर या नंबरवर फोन करा’ एवढं पुरेसं आहे. हे सगळं करायला नवं तंत्र लागत नाही. लागते ती इच्छा.

तोवर तुम्ही काय कराल?

एटीएममध्ये कार्ड घालण्याआधी खाचेचं झाकण हलवून पाहा. सैल वाटलं, रंग वेगळा दिसला तर दुसरं एटीएम गाठा. पिन टाकताना दुसऱ्या हाताने आडोसा करा. स्किमर पट्टी चोरू शकतो, पण पिन मिळाला नाही तर एटीएममध्ये ती प्रत निरुपयोगी ठरते. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन परदेशी व्यवहार बंद आहेत ना, ते आजच बघा. एटीएमची रोजची मर्यादा गरजेपुरती ठेवा. दुकानदाराला पिन सांगू नका, यंत्र हातात मागून घ्या.

पैसे गेल्याचा मेसेज आला तर वेळ घालवू नका. १९३० या सायबर हेल्पलाइनला आणि बँकेला लगेच कळवा, तक्रारीचा क्रमांक घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक तुमची नसेल आणि मेसेज मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुमचं नुकसान शून्य. उशीर झाला तर काही भार तुमच्यावर येऊ शकतो. तक्रारीनंतर दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने ती रक्कम खात्यात दाखवायची असते. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करण्याची जबाबदारीही बँकेचीच. सहकारी बँकांनाही असेच नियम लागू आहेत. ‘तुम्हीच पिन सांगितला असेल’ असं म्हणून कुणी वाटेला लावलं तर ऐकून परत येऊ नका. लेखी उत्तर मागा.

आणि इथेच ट्यूशन एरियातले ते वडील पुन्हा आठवतात. याच परिपत्रकात असंही आहे की ग्राहकाने स्वतःच पिन दुसऱ्याला दिला आणि त्यातून पैसे गेले, तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचंच. लेकराला दिलेला पिन हा मायेचा भाग असला तरी कागदावर तो ‘दुसऱ्याला दिलेला पिन’ ठरू शकतो. त्यापेक्षा मुलाच्या नावाने वेगळं बचत खातं उघडा. दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतः चालवता येईल असं खातं उघडायला २०१४ पासून परवानगी आहे. दर महिन्याला मेस आणि खोलीभाड्यापुरते पैसे त्यात टाका. दुर्दैवाने कार्डाची प्रत निघालीच, तर महिन्याचा खर्च जाईल. वर्षभराचं सोयाबीन जाणार नाही.